‘खबर’ गळाली तेव्हा : एका गृहपत्रिकेचा इतिहास

मराठी नियतकालिकांचा इतिहास शिकवताना आपण ‘किर्लोस्कर’ मासिकाचे नाव आदराने घेतो. बुद्धिवादी विचार, सामाजिक सुधारणा, लघुकथेचा बहर असे त्याचे मोठेपण सांगतो आणि पुढच्या मासिकाकडे वळतो. या मासिकाचा जन्म वाङ्मयाच्या हौसेतून नव्हे, तर नांगराच्या कारखान्यातून झाला, ही गोष्ट बहुधा एका वाक्यात उरकली जाते. ते एक वाक्य जरा उलगडून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू. आम्ही रत्नागिरीकर असल्याने त्यात आमच्या गावाचाही थोडा संबंध आहे. तो पुढे येईल.

कारखान्याने किंवा कंपनीने आपल्या माणसांसाठी काढलेल्या नियतकालिकाला गृहपत्रिका म्हणतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अमेरिकेत अशा पत्रिकांचे पीक आले. कॅमेरे आणि फिल्म बनविणाऱ्या रॉचेस्टरच्या ईस्टमन कोडॅक कंपनीचे उदाहरण बोलके आहे. छायाचित्रणाची हौस असलेल्या ग्राहकांसाठी या कंपनीने १९१३ पासून ‘कोडॅकरी’ हे मासिक चालविले होते. १९२० साली तिने कामगारांसाठी ‘द कोडॅक मॅगझीन’ हे वेगळे मासिक सुरू केले. ग्राहकांशी बोलायचे एका दाराने, कामगारांशी दुसऱ्या दाराने, अशी ही चोख व्यवस्था होती. दोन्ही पत्रिका आपापल्या कामी उपयोगी पडल्या. परंतु अमेरिकन साहित्याच्या इतिहासात त्यांचे नाव शोधावे लागत नाही, कारण ते तेथे असण्याचे कारणच नाही.

त्याच १९२० साली औंध संस्थानातील किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगाव सोडून १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना आणि वसाहत उभी केली होती. त्यांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे मराठी वाचकांचे ‘शंवाकि’, हे या पत्रिकेचे संपादक. त्यांचा पिंड चित्रकाराचा; पुढे ‘टाकाच्या फेकी’ या व्यंगचित्रांनी ते घरोघरी पोचले. कारखान्याच्या जाहिरातींचे काम पाहणाऱ्या या चित्रकाराच्या हाती गृहपत्रिका आली, हा योगायोग क्षुल्लक नव्हे.

रॉचेस्टर आणि किर्लोस्करवाडी यांत तुलना कसली, असे वाचक विचारतील. आमच्या मते तुलना आहे ती दारांच्या संख्येची. किर्लोस्करवाडीला दोन दारे परवडणारी नव्हती. कामगार, गावोगावचे एजंट, नांगर घेणारा शेतकरी आणि नांगर न घेणारा शेतकरी या साऱ्यांशी एकाच पत्रिकेतून बोलायचे होते. त्यांतला शेवटचा वाचक सर्वांत महत्त्वाचा. लोखंडी नांगराने जमिनीला विष चढते या समजुतीपायी लक्ष्मणरावांचे पहिले नांगर दीर्घकाळ विकले गेले नव्हते. लोखंड ओतण्याचे तंत्र त्यांनी साधले होते. पण विकण्यासाठी माणसाच्या मनातील एक समजूत उपटावी लागणार होती आणि त्या कामाला भट्टी उपयोगाची नव्हती. तेथे गद्यच हवे होते. सोपे, पटवून देणारे, चित्रांची जोड असलेले, विचारणाऱ्याला न हिणवणारे गद्य.

‘किर्लोस्कर’ मासिकाच्या बुद्धिवादाचे मूळ आम्हांस येथे दिसते. आगरकरांचा वारसा त्यामागे होता हे खरेच. पण वारसा अनेकांना मिळतो, तो खर्चण्याची गरज थोड्यांनाच पडते. लोखंडी नांगराविषयीची समजूत दूर करणारा युक्तिवाद आणि सोवळ्याओवळ्याविषयीची समजूत दूर करणारा युक्तिवाद यांची घडण एकच आहे. अनुभव घ्या, पडताळून पाहा, जुने आहे म्हणून खरे मानू नका. पहिला युक्तिवाद कारखान्याच्या हिताचा होता, दुसरा समाजाच्या. एकातून दुसऱ्यात पत्रिका कधी शिरली, ते तिच्या वाचकांनाही जाणवले नसावे.

आता रत्नागिरी. जानेवारी १९२४ पासून मे १९३७ पर्यंत वि. दा. सावरकर येथे स्थानबद्ध होते. जिल्हा सोडायचा नाही आणि राजकारणात भाग घ्यायचा नाही, या सरकारच्या अटी होत्या. त्या चौकटीत त्यांनी सामाजिक सुधारणा, भाषाशुद्धी आणि लिपिशुद्धी ही कामे हाती घेतली. शंकररावांच्या मासिकाशी त्यांचा संबंध या काळातला. पुढे ‘विज्ञाननिष्ठ निबंध’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या लेखांपैकी अनेक लेख ‘किर्लोस्कर’ आणि ‘मनोहर’ या मासिकांतून आले. राजकारणावर बोलण्याची बंदी असलेल्या माणसाला व्यासपीठ मिळाले ते एका नांगर कारखान्याच्या छापखान्यात!

‘किर्लोस्कर खबर’ १९२९ साली नुसती ‘किर्लोस्कर’ झाली. ‘खबर’ हा अरबी शब्द काढून टाकावा अशी सूचना सावरकरांनी केली होती, अशी आठवण सांगितली जाते. रत्नागिरीचा दुसरा ठसा अधिक ठळक आहे. अि, अी, अु, अू अशी ‘अ’ची बाराखडी ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ या तिन्ही मासिकांनी कित्येक वर्षे वापरली. जुने अंक प्रथमच हाती घेणारा विद्यार्थी ते मुद्रणदोष समजून बुचकळ्यात पडतो. वस्तुतः ती एका चळवळीची खूण आहे, आणि खिळे कमी लागावेत या मुद्रणाच्या हिशेबाचीही. यंत्रे घडविणाऱ्यांना हा हिशेब चटकन उमगला असल्यास नवल नाही.

परंतु ‘खबर’ गळाली ती केवळ शब्द म्हणून का? आमच्या शंकेचे मूळ येथे आहे. खबर म्हणजे बातमी. पण मराठीत खबरबात विचारणे म्हणजे आपल्या माणसाची विचारपूस करणे. वसाहतीत कोण नवे आले, कोणाची बदली झाली, कोणत्या खात्याने कोणते काम पुरे केले, हे गृहपत्रिकेचे मूळ धन. मासिकाने महाराष्ट्रभरच्या मध्यमवर्गीय घरांत प्रवेश केल्यावर ही खबरबात मागे पडणे अटळ होते. पुण्यामुंबईच्या वाचकाला ओतशाळेतल्या माणसाचे काय होय! १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ निघाल्यावर हे प्रकाशन सर्वार्थाने मराठी वाचकांचे झाले. मराठी गद्याचा यात निःसंशय लाभ झाला.

हानी कोणाची झाली, हा प्रश्न आपण विचारत नाही. लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेल्या गुन्हेगारांना पहारेकरी म्हणून नेमले, हे आपण त्यांच्या चरित्रांतून जाणतो. त्या पहारेकऱ्यांना स्वतः काय वाटले, ते सांगणारे पान आपल्या वाङ्मयात नाही. सावरकरांनी यंत्रांची बाजू घेणारे निबंध लिहिले. बेकारीचा दोष यंत्राचा नव्हे, असा त्यांचा प्रतिवाद होता. तो युक्तिवाद आपण वर्गात तपासतो. मात्र यंत्रांच्या कारखानदाराशी नाते असलेल्या मासिकात त्याचे स्वागत होणे स्वाभाविक होते, आणि यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाचा त्यावरचा अभिप्राय आपल्यापाशी नाही, हेही वर्गात सांगितले पाहिजे. त्याने त्या निबंधांचे मोल कमी होत नाही. ते कोठून बोलले जात आहेत एवढे कळते.

गृहपत्रिका ही मालकाची वाणी असते, तीत कामगाराचा खरा आवाज कसा असेल, असा आक्षेप घेतला जाईल. तो बरोबर आहे. कोडॅकच्या कामगार मासिकातही मालकाला रुचेल तेच छापले जाणार. पण निदान तेथे कामगार हा वाचक म्हणून गृहीत धरलेला होता. ज्याच्यासाठी लिहायचे तो समोर असला की लेखणीला काही गोष्टी टाळता येत नाहीत. वाचक बदलला की त्या गोष्टी टाळाव्याही लागत नाहीत. त्या आपोआप सुटतात.

म्हणून अभ्यासकांना एक विनंती. ‘किर्लोस्कर’ची सुरुवात १९२९ पासून धरू नये, आधीची नऊ वर्षेही त्याच ग्रंथाची पाने आहेत. आमच्या रत्नागिरीच्या नगर वाचनालयाची परंपरा १८२८ पासूनची आहे. अशी जुनी वाचनालये हे या अभ्यासाचे खरे घर. मात्र अंकांची बांधणी करताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची जुनी रीत आपण पाहिली आहे. इतर मासिकांच्या बाबतीत ती एक वेळ चालेल. नांगर विकता विकता जे मासिक विचार विकू लागले, त्याच्या बाबतीत जाहिरातीचे पान हेच पहिले प्रकरण आहे. कोठे ‘खबर’चा जीर्ण अंक हाती लागला, तर तो जाहिरातीपासून वाचायला घ्यावा.