भिडे वाड्याचा राडारोडा आणि आपला वारसा

इमारती पडतात, त्याला इलाज नाही. परंतु कोणत्या इमारती पडू दिल्या जातात आणि कोणत्या जपल्या जातात, हे मात्र निसर्ग ठरवत नाही, समाजव्यवस्था ठरवते. पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाड्याकडे मी या दृष्टीने पाहतो.

१८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी या वाड्यात मुलींची शाळा काढली. वाडा तात्यासाहेब भिड्यांचा. शाळेला स्वतःचे छप्पर नव्हते, हे येथेच लक्षात घेतले पाहिजे. तेथून थोडे चालत गेले की विश्रामबाग वाडा लागतो. तो दुसऱ्या बाजीरावाने बांधला. १८२१ साली इंग्रज सरकारने दक्षिणेच्या पैशातून तेथे संस्कृत पाठशाळा सुरू केली आणि आरंभी ती ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरतीच होती. याच विश्रामबाग वाड्यात १६ नोव्हेंबर १८५२ रोजी मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारने जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार केला. आज विश्रामबाग वाडा नक्षीदार खांबांसह उभा आहे. भिडे वाडा नाही.

कोणी म्हणेल, एक वाडा सार्वजनिक मालकीचा आणि दुसरा खाजगी, यात जातीचा काय संबंध? आक्षेप खरा आहे. पण तो मला पुरत नाही. संस्कृत पाठशाळेला राजवाडा मिळतो आणि शूद्रातिशूद्रांच्या व स्त्रियांच्या शाळेला दुसऱ्याच्या घरातील खोल्या मिळतात, ही मालकीची वाटणीच मुळात इतिहासाने केलेली आहे. ज्याचे छप्पर स्वतःचे नव्हते, त्याचा वारसाही पुढे दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर राहिला. भिडे वाडा हातोहात गेला, शेवटी एका सहकारी बँकेकडे आला. खाली दुकाने चालत राहिली, वरचे मजले कुजत गेले. महापालिकेने स्मारकासाठी जागा घेण्याचे ठरवले, भाडेकरू न्यायालयात गेले आणि दावा वर्षानुवर्षे रेंगाळला. २०२३ साली उच्च न्यायालयाने महापालिकेच्या बाजूने निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. त्याच वर्षी डिसेंबरच्या आरंभी रात्री पोलीस बंदोबस्तात जागा ताब्यात घेऊन वाडा पाडण्यात आला. तेथे राष्ट्रीय स्मारक व्हायचे आहे.

स्मारक झालेच पाहिजे. परंतु कुजत ठेवायचे, मग धोकादायक म्हणायचे, मग पाडायचे, हा क्रम आपण ओळखला पाहिजे. तो फक्त पुण्यात चालत नाही. मी गोंदिया जिल्ह्यात राहतो. येथे जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळाखोल्यांच्या बाबतीत एक सरकारी शब्द नेहमी कानावर येतो : निर्लेखन. म्हणजे खोली वापरास अयोग्य ठरवून हिशेबातून काढून टाकणे. हिशेबातून भिंत जाते, तिच्याबरोबर त्या भिंतीआड पहिल्यांदा अक्षर गिरवलेली पिढीही जाते. याच झाडीपट्टीत कालीचरण नंदागवळींसारखी माणसे अस्पृश्यांच्या हक्कांसाठी उभी राहिली. त्या चळवळीच्या काळात आमचे वाडवडील ज्या शाळांत, कधी वर्गाच्या दाराबाहेर बसून, शिकले, त्यांची नोंद निर्लेखनाच्या कोणत्या रकान्यात होते?

जुनी शाळा पाडण्यापूर्वी खरे म्हणजे तीन तपासण्या व्हायला हव्यात. इमारतीचे बळ किती उरले, ही पहिली. ती बहुधा होते. तिच्यात विष किती आहे, ही दुसरी. ती बहुधा होत नाही. जुन्या तेलरंगात शिसे असते. आपल्याकडे रंगातील शिशाचे प्रमाण दशलक्षास ९० भागांपेक्षा कमी ठेवण्याचे बंधन २०१७ च्या नोव्हेंबरपासूनच लागू झाले. त्याआधीचे थर भिंतींवर, खिडक्यांवर आहेत. छपराच्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. पत्रा शाबूत असताना धोका कमी; तो फोडला की बारीक तंतू हवेत उडतात, फुप्फुसात बसतात आणि रोग वीस-तीस वर्षांनी उगवतो. म्हणून पत्रा ओला करून, न फोडता, अख्खा उतरवायचा असतो. मी पाहिलेल्या एका पाडकामात मजूर पत्रे घणाने फोडत होते. तोंडाला दुपट्टा, पायात चप्पल. ते कोणत्या वस्तीतून आले होते, हे या त्रैमासिकाच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. ॲस्बेस्टॉस कामगारांच्याच खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. २०१६ च्या नियमांनी राडारोडा वेगळा ठेवण्याचे, धूळ आवरण्याचे बंधन घातले. कायदा कागदावर आला. घण मात्र त्याच हातात राहिला.

तिसरी तपासणी स्मृतीची. येथे कोण शिकले, कोणाला बाहेर बसवले, हजेरीपट कोठे आहेत? सातारच्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याची नोंद झाली आणि ते पान जपले गेले, म्हणून २०१७ पासून महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. एक पान एवढे करू शकते. वारसा ठरवणारे तज्ज्ञ कमानी आणि खांब मोजतात. आमच्या शाळांना कमानी नव्हत्या. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता या मांग मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. ज्या खोलीत ती शिकली, त्या खोलीचे मोल कोणत्या नक्षीने ठरणार?

आणि तरीही केवळ वास्तूच्या पूजेत आपण अडकू नये. १८८२ साली हंटर आयोगापुढे साक्ष देताना जोतीरावांनी आपल्या शाळांचे नुसते गोडवे गायले नाहीत. महार-मांगांची शाळा अजून चालू आहे, पण तिची स्थिती समाधानकारक नाही, असे त्यांनी स्पष्ट नोंदवले. शाळा मोजण्याचे खरे माप त्यांनी तेथे दिले : आत शिकवले जाते काय? २०२३ च्या सप्टेंबरात शासनाने कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. आमच्या जंगलपट्ट्यातील गावांना याचा अर्थ कळतो. शाळा दूर गेली की पहिल्यांदा मुलगी घरी बसते. एकीकडे मुलींच्या पहिल्या शाळेचे स्मारक बांधायचे आणि दुसरीकडे मुलीच्या पायाखालची वाट लांबवायची, हे जोतीरावांच्या मापात बसणारे नाही.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना माझे सांगणे आहे. आपल्या गावातील शाळेच्या निर्लेखनाचा प्रस्ताव निघाला की ग्रामसभेत उभे राहा. पत्रे कसे उतरवणार, मजुरांच्या संरक्षणाचे काय, राडारोडा कोठे टाकणार, हे विचारा. हजेरीपट आणि दाखल-खारीज रजिस्टर आधी सुरक्षित करा. आणि मोकळ्या जागेवर काय होणार, हा प्रश्न शेवटपर्यंत सोडू नका. तेथे पुन्हा शाळाच झाली पाहिजे. नाही तर आपल्या हाती उरतील ते फक्त पुतळे, आणि पुतळ्यांना वाचता येत नाही.