असईचे युद्ध आणि तहाचा धडा

२३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्यातील असई येथे आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. विजयी पक्षाचेही सुमारे दीड हजार सैनिक मृत वा जखमी झाले. डिसेंबरात देवगाव व सुर्जी-अंजनगावचे तह झाले. पराजितांचे प्रदेश गेले. परंतु १८१७ मध्ये भोसल्यांशी नागपुरात पुन्हा युद्ध पेटले.

हाच वेलस्ली १८१५ मध्ये व्हिएन्ना परिषदेत ब्रिटनचा प्रतिनिधी होता. तेथे पराभूत फ्रान्सलाही आसन होते. दख्खनला मात्र तो न्याय लाभला नाही.

रोहिणीच्या पाण्याच्या वादात दोन्ही पक्षांनी प्रत्येकी दोन माणसे निवडावीत व त्या चौघांनी पाचवा निवडावा, असे सिद्धार्थाने सुचविल्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहिले आहे. लादलेला तह आणि शांती यांतील अंतर येथे स्पष्ट होते.