प्रलोभन कोणाचं?

१९५४ साल भंडाऱ्याच्या पोरांना दोन कारणांनी पाठ पाहिजे. पहिलं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. मे महिन्यातली लोकसभेची पोटनिवडणूक. बाबासाहेब राखीव जागेवर उभे, समोर काँग्रेसचे भाऊराव बोरकर. बाबासाहेब हरले. त्यांच्या जोडीनं सर्वसाधारण जागेवर उभे असलेले अशोक मेहता मात्र निवडून आले. हे दुखणं आपण दर जयंतीला उगाळतो.

दुसरं कोणी सांगत नाही. त्याच वर्षी १४ एप्रिलला, नेमक्या बाबासाहेबांच्या जन्मदिवशी, मध्य प्रदेश सरकारनं एक समिती नेमली. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर. इथं स्कॉटलंडच्या मिशनचं काम इंग्रजांच्या काळापासून चाललेलं. समितीचे अध्यक्ष होते नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी.

समिती फिरली, अकरा हजारांवर माणसांना भेटली, १९५६ साली तिचा अहवाल आला. सार काय, तर शाळा, दवाखाना, पैसा दाखवून गरिबांना बाटवतात. हे प्रलोभन आहे, आळा घाला. १९६८ साली मध्य प्रदेशात धर्मस्वातंत्र्याचा कायदा आला तो याच वाटेनं. तोवर भंडारा महाराष्ट्रात आलेला, म्हणून तो कायदा आपल्या अंगावर बसला नाही.

आता प्रलोभन हा शब्द जरा धरून ठेवा, सोडू नका.

१० ऑगस्ट १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश आहे. त्याचा परिच्छेद ३ म्हणतो, हिंदू सोडून दुसरा धर्म पाळणारा माणूस अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. म्हणजे हिंदू राहा, स्कॉलरशिप घे, नोकरी घे, राखीव जागेवर उभा राहा. येशूचं नाव घेतलंस की दार बंद. मिशननं पायलीभर तांदूळ दिला तर ते प्रलोभन. मग सरकार हिंदू राहण्याबद्दल देतं, त्याला काय म्हणायचं? समितीनं अकरा हजार माणसांना विचारलं, हे कोणाला विचारलं काय?

गंमत पुढं आहे. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला बाबासाहेबांनी धम्म दिला, तेव्हा दीक्षा घेणाऱ्यांत हेच न्यायमूर्ती नियोगी होते. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते त्यांना माहीत. पण आपल्या माणसांनी त्या दिवशी धर्म बदलला आणि केंद्राच्या यादीतून बाहेर पडली. शिखांना त्याच १९५६ साली आदेशात घेतलं. बौद्धांना १९९० उजाडावं लागलं. चौतीस वर्षं! त्या चौतीस वर्षांचा हिशेब म्हाताऱ्यांना विचारा. किती घरांत भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि कागदावर 'हिंदू महार' होतं. ती माणसं लबाड नव्हती. त्यांना पोरं शिकवायची होती.

ख्रिस्ती झालेले आपले भाऊ अजून तिथंच अडकलेत. राइस मिलमध्ये माझ्या पाळीला एक जण आहे, पोती उचलतो. धानाच्या हंगामात रविवारची सुटी नाही. सहाच्या आधी थप्पीमागं जाऊन दोन मिनिटं प्रार्थना करून येतो. म्हणतो, "देवाले मालूम आहे हंगाम कवा असते ते." हे त्याला जमतं. पोरीच्या दाखल्याचं जमत नाही. ख्रिस्ती लिहिलं तर ती ओबीसीत जाते, 'हिंदू महार' लिहिलं तर सवलत मिळते. "काय लिवू सांग ना बावा?" मी काय सांगू? गावात तर त्याला अजून कोणी महार सोडून दुसरं काही म्हटलेलं नाही.

कोर्टानं सांगितलंय. मद्रासच्या रस्त्यावर बसणाऱ्या सूसाई नावाच्या चांभाराला सरकारी टपरी मिळाली नाही, कारण तो ख्रिस्ती. १९८५ साली सुप्रीम कोर्ट म्हणालं, धर्म बदलल्यावरही तेवढाच छळ होतो हे आधी दाखवा. छळ करणाऱ्याला कोणी विचारलं नाही, तू धर्म बघून छळतोस काय. २०२४ साली, तेही २६ नोव्हेंबरला, संविधान दिनी, पुदुच्चेरीच्या एका बाईचा निकाल लागला. चर्चला जाते आणि नोकरीसाठी हिंदू म्हणवते, म्हणून ही संविधानाची फसवणूक. कायद्याच्या भाषेत बरोबर असेल. पण एका हातात भाकर आणि दुसऱ्या हातात देव देऊन एक टाक म्हणणारा परिच्छेद कोणी लिहिला?

आपली पोरं म्हणतात, बाबासाहेबांनीच ख्रिस्त्यांना फटकारलंय. फटकारलंय, खरं आहे. सरकारनं १९८९ साली छापलेल्या पाचव्या खंडात वाचा. धर्मांतर करूनही जात तशीच राहिली आणि ख्रिस्ती झालेला माणूस अन्यायाविरुद्ध उठत नाही, असं त्यांनी रोखठोक लिहिलंय. चर्चमध्ये जात शिरली हे त्या लोकांनीही कबूल केलं पाहिजे. बामन ख्रिस्ती झाला तर रेव्हरंड आणि कवी, महार-मांग झाला तर पोटासाठी बाटला, ही वाटणी चर्चच्या आतली पण आहे. ना. वा. टिळकांना ज्या आगगाडीत बायबल मिळालं ती नागपूरहून राजनांदगावला जाणारी, आपल्याच तुमसर-गोंदियावरून. रुळाशेजारच्या वस्तीतल्या ख्रिस्त्यांचं चरित्र कोणी लिहिलंय?

पण जात तशीच राहिली असं बाबासाहेब म्हणतात, तर तो पुरावा ख्रिस्त्यांच्या बाजूनं जातो, विरुद्ध नाही.

उरतो वाटेकरी वाढायचा मुद्दा. मिटिंगमध्ये हळू आवाजात निघतो. १९९० च्या आधी हाच मुद्दा काढून कोणी आपल्याला दाराबाहेर ठेवलं असतं तर आपण त्याला काय म्हटलं असतं? वाटा कमी पडतो तर वाटा वाढवून मागा. २०२२ साली केंद्रानं या प्रश्नावर बालकृष्णन आयोग नेमला, तेव्हा आपल्या किती शाखांनी एक ओळ तरी लिहून पाठवली?

येत्या १४ एप्रिलला पोटनिवडणुकीचं भाषण झालं की नियोगी समितीचंही सांगा. आणि परिच्छेद ३ मोठ्यानं वाचून दाखवा. एवढासा मजकूर आहे, अर्धं मिनिट लागत नाही.