भिंतीच्या भेगेतला बग

आम्ही कोडमध्ये बग शोधतो. काही माणसं तो भिंतीच्या भेगेत शोधतात! १९६५ साली नागपुरात तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात नवा विषाणू सापडला, नाव पडलं चांदीपुरा. पण पसरवतो कोण? वाळूमाशी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. टॉर्च मारायचा, काचेची नळी भेगेशी धरायची, रबरी नळीतून तोंडाने श्वास ओढायचा. मध्ये जाळी असते म्हणून बरं! आमच्या बुलढाण्याशेजारच्या औरंगाबादेत पकडलेल्या वाळूमाश्यांत हाच विषाणू मिळाला. १९७० मध्ये ते छापून आलं. पुढे २००३ मध्ये आंध्रात ३२९ मुलं आजारी पडली, १८३ दगावली. तेव्हा बघायचं कुठे, हे जुन्या नोंदीत होतंच. असो. गावाकडच्या मातीच्या घराच्या भेगा लिंपायच्या त्या नुसत्या दिसण्यासाठी नाही!