शिकाऊ गवंड्याचा कागद

तेरणेवरील धरणामुळें माकणीचें नांव आपणांस ठाऊक असेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे याच टापूंत भूकंपानें दगडमातीच्या जाड भिंती कोसळून सहस्रावधि माणसें दगावलीं, आणि गवंड्याचा हात कच्चा कीं पक्का, हा प्रश्न जिवाचा ठरला.

गवंडीकाम वस्तादाच्या हाताखालीं शिकावयाचें, ही आपली जुनी रीत. तींत कागदाचा संबंध नाहीं. ब्रिटिश मुलखांत मात्र १८५० च्या कायद्यानें दहा ते अठरा वर्षांच्या मुलास लेखी करारानें सात वर्षांपर्यंत कारागिराशीं जखडतां येई. माकणी तेव्हां निजामाच्या राज्यांत.

पुढें १९४८ च्या किमान वेतन कायद्यांत रस्ते व इमारतींचें काम आलें. परंतु शिकाऊंसाठीं निराळा दर ठरविण्याची मुभाही त्यांतच होती. ‘पोरगा अजून शिकतो आहे’ म्हणून मजुरी कापणाऱ्यास ही वाट किती सोयीची! १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानें करार सरकारी सल्लागाराकडे नोंदीस पाठविणें मालकावर बंधनकारक केलें. त्याच वेळीं शिकाऊ हा कामगार नव्हे, असेंही ठरविलें. नोंदीचें मोल आहे तें यामुळें. अमेरिकेंत १९३१ च्या डेव्हिस-बेकन कायद्याखालील नियम अधिक स्पष्ट आहे: सरकारी बांधकामावरील शिकाऊची नोंद नसेल, तर तो करील त्या कामाचा पुरा प्रचलित दर त्यास द्यावा लागतो.

आपल्याकडे दोन कागदांची गल्लत होते. करारनोंद शिकण्याच्या आरंभींची. प्रमाणपत्र परीक्षा उतरल्यावरचें. पहिला दाखवून दुसऱ्याचा मान मागतां येत नाहीं. आणि दोन्ही नसतां ‘शिकाऊ’ म्हणून अर्धा रोज देणें, ही केवळ गुत्तेदाराची बोली होय.