सुरवंटापासून सुरुवात : कारवारच्या तीन अधिकाऱ्यांनी केलेली फुलपाखरांची नोंद

१/
इ.स. १८९६. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात उत्तर कानडा जिल्ह्यातील फुलपाखरांवर एक लेखमाला सुरू झाली. लेखक तीन होते : एक कलेक्टर, एक जंगलखात्याचा अधिकारी आणि एक मीठ व जकात खात्याचा अधिकारी. पेशाने कीटकशास्त्रज्ञ त्यांच्यापैकी एकही नव्हता. तरीही पश्चिम घाटातील फुलपाखरांचा अभ्यास करणाऱ्यांना आजही या लेखमालेकडे वळावे लागते. तिची ही कथा.

२/
आधी प्रदेश. कारवार हे या जिल्ह्याचे मुख्य ठाणे. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला गोव्याची सरहद्द, पाठीशी सह्याद्री आणि मधून वाहणारी काळी नदी. हा जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडण्यात आला होता. खाजण, माडांच्या बागा, पानगळीचे रान आणि सदाहरित अरण्य हे सारे एका दिवसाच्या वाटचालीत भेटावे, अशी ही भूमी.

३/
आता माणसे. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांचा जन्म १८५१ साली साताऱ्यात, स्कॉटिश मिशनऱ्याच्या घरी झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी काही वर्षे लॅटिन शिकवले आणि १८७६ साली ते मीठ व जकात खात्यात दाखल झाले. 'ईएचए' या आद्याक्षरांनी लिहिलेल्या त्यांच्या मिस्कील निसर्गलेखनाने पुढे इंग्रजी वाचकांत मोठी लोकप्रियता मिळवली.

४/
१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ गृहस्थ जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी जन्माला आली. त्या आठांत प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. एटकेनही त्यांत होते आणि संस्थेचे पहिले मानद सचिव तेच झाले.

५/
दुसरे जेम्स डेव्हिडसन, सनदी सेवेतील अधिकारी. त्यांचा मूळ ओढा पक्ष्यांकडे. खानदेशात नोकरीवर असताना तेथील पक्ष्यांची यादी त्यांनी तयार केली होती. तिसरे थॉमस रीड डेव्हिस बेल, जन्म १८६३, आयर्लंडचे. जंगलखात्याच्या नोकरीने त्यांना या रानांत आणले. कारवारला तिघांची गाठ पडली आणि तिघांच्या फावल्या वेळाला एकच विषय मिळाला.

६/
त्या काळी फुलपाखरांचा अभ्यास म्हणजे बहुतांशी जाळे, टाचणी आणि पेटी. हिंदुस्थानात पकडलेले फुलपाखरू वाळवून लंडनला जायचे, तेथील तज्ज्ञ त्याच्या पंखांवरचे ठिपके मोजून नाव ठेवायचे. या पद्धतीत एक मोठी उणीव होती. मेलेले फुलपाखरू आपले आईबाप सांगत नाही.

७/
परिणाम काय झाला, याची दोन उदाहरणे पुरेत. लिनियसने १७५८ साली एका काळ्या फुलपाखराच्या नराला 'पॅपिलिओ पॅमॉन' आणि मादीला 'पॅपिलिओ पॉलिटिस' अशी दोन नावे दिली. दोघे एकाच जातीचे. कढीपत्त्यावर वाढणारे हेच ते 'कॉमन मॉरमॉन'. याच्या माद्या तीन रूपांत आढळतात. त्यांतील दोन रूपे विषारी 'रोझ' फुलपाखरांची हुबेहूब नक्कल करतात.

८/
दुसरे उदाहरण 'पीकॉक पॅन्सी'चे. पावसाळ्यात त्याच्या पंखांच्या खालच्या बाजूवर ठसठशीत डोळे असतात. कोरड्या ऋतूत तीच बाजू वाळक्या पानासारखी दिसते आणि पंखांची कडही कोनदार होते. लिनियसने याही दोन रूपांना दोन जाती मानले होते. ऋतू बदलला की रूप बदलते, हे पेटीतल्या नमुन्यांवरून सिद्ध कसे व्हावे?

९/
उपाय एकच होता : अंड्यापासून पाळून पाहणे. कलकत्त्यात लायोनेल द निसेव्हिल यांनी १८८० च्या दशकात हे करून दाखवले आणि ऋतूंनुसार पालटणाऱ्या रूपांचे कोडे उलगडू लागले. पश्चिम किनाऱ्यावर हीच वाट कारवारच्या या मंडळींनी धरली. डेव्हिडसन आणि एटकेन यांचा सुरवंट व कोषांवरील पहिला मोठा लेख १८९० साली आला. बेल यांच्यासह लिहिलेली जिल्ह्याची लेखमाला १८९६-९७ मधली.

१०/
हे काम कागदावर सोपे वाटते. अंडी घालणाऱ्या मादीचा माग काढायचा. ती कोणत्या झाडाच्या कोणत्या पानावर टेकली ते पाहायचे. सुरवंट घरी आणून त्याला त्याच झाडाचा ताजा पाला रोज पुरवायचा. तो कात किती वेळा टाकतो, रंग केव्हा बदलतो, कोष कोठे बांधतो, हे टिपत राहायचे. आणि इतके करूनही कधी कधी कोषातून फुलपाखराऐवजी परजीवी गांधीलमाशी बाहेर पडायची!

११/
बहुतेक सुरवंट खाण्याच्या बाबतीत कमालीचे हट्टी असतात. 'प्लेन टायगर'ला रुई लागते, 'कॉमन जेझबेल'ला बांडगूळ, 'बॅरन'ला आंब्याचे पान. नेमकी वनस्पती नसेल तर सुरवंट उपाशी मरतो, पण दुसरीला तोंड लावत नाही. म्हणून फुलपाखरे ओळखण्यासाठी आधी झाडे ओळखावी लागत. त्याच रानांत डब्ल्यू. ए. टॅलबॉट हे वनाधिकारी इलाख्यातील वृक्षवेलींची पद्धतशीर यादी करत होते, ती १८९४ साली प्रसिद्ध झाली. दोन्ही कामे एकाच काळात, एकाच भूमीवर चालली होती.

१२/
निरीक्षणांतून विलक्षण जीवनक्रम समोर आले. 'एपफ्लाय' या चिमुकल्या फुलपाखराचा सुरवंट पाने खातच नाही. तो झाडावरचे पिठ्या ढेकूण खातो, आणि त्याचा कोष माकडाच्या तोंडासारखा दिसतो. 'ब्लू' कुळातील अनेक सुरवंट अंगातून गोड रस देतात आणि त्या मोबदल्यात मुंग्या त्यांची राखण करतात. मुंग्यांशी असलेल्या या सोयरिकीच्या बारीक नोंदी हे बेल यांच्या लेखनाचे एक वैशिष्ट्य ठरले.

१३/
पुढे वाटा वेगळ्या झाल्या. डेव्हिडसन मायदेशी परतले. एटकेन गोव्यात हिवतापाच्या संदर्भात डासांचा शोध घेऊ लागले. एका डासाच्या जातीला 'अ‍ॅनॉफिलिस एटकेनी' हे नाव त्यांच्यावरूनच मिळाले. १९०६ साली ते निवृत्त झाले आणि १९०९ साली एडिंबरोत वारले.

१४/
बेल मात्र थांबले नाहीत. १९०९ पासून १९२७ पर्यंत त्यांनी त्याच नियतकालिकात मैदानी प्रदेशातील सामान्य फुलपाखरांवर दीर्घ लेखमाला चालवली. निवृत्तीनंतर त्यांनी कारवारातच मुक्काम ठेवला. मेजर स्कॉट यांच्यासह लिहिलेला हॉक पतंगांवरील त्यांचा ग्रंथ 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालेत १९३७ साली निघाला, तेव्हा त्यांचे वय ७४ होते. १९४८ साली त्यांचे निधन झाले.

१५/
चतुर आणि टाचण्यांची नोंदही याच मालेत झाली. तेही काम एका हौशी माणसाचेच : लष्करी वैद्यकीय सेवेतील डॉक्टर एफ. सी. फ्रेझर यांचे. त्यांचे तीन खंड १९३३ ते १९३६ या काळात आले. डॉक्टर, वनाधिकारी, कलेक्टर यांची फिरतीची नोकरीच येथे शास्त्राच्या कामी आली.

१६/
या इतिहासाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. लेखमालेवर तीनच नावे आहेत. पण जिल्ह्याचा कारभार सांभाळून शेकडो सुरवंट पोसायचे, तर रानाची खडान्‌खडा माहिती असलेल्या स्थानिकांच्या मदतीवाचून ते घडणे कठीण. फुलपाखरांची रूढ झालेली इंग्रजी नावे पाहावीत : कमांडर, सार्जंट, बॅरन, नवाब, राजा. छावणी आणि दरबार तेवढा त्यांत उतरला. कोकणी, कानडी, मराठी बोलणाऱ्यांची नजर त्यांत आली नाही.

१७/
ही उणीव भरून यायला शतकाहून अधिक काळ लागला. २०१५ साली महाराष्ट्राने 'ब्लू मॉरमॉन'ला राज्य फुलपाखरू घोषित केले. असे करणारे ते देशातील पहिले राज्य. पुढे राज्य जैवविविधता मंडळाने फुलपाखरांना मराठी नावे दिली आणि 'ब्लू मॉरमॉन' 'नीलवंत' झाले. त्याचे सुरवंट लिंबू-माकडलिंबूच्या कुळातील झाडांवर वाढतात.

१८/
मग १८९६ च्या त्या नोंदींचे आज मोल काय? १९५६ साली उत्तर कानडा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, आजच्या कर्नाटकात गेला. काळी नदीवर सुपा धरण झाले, कैगा येथे अणुवीज केंद्र आले, कारवारच्या किनाऱ्यावर नौदलाचा तळ उभा राहिला. या साऱ्याच्या आधी येथे काय होते आणि ते कशावर जगत होते, याचा लेखी पुरावा म्हणजे ही लेखमाला.

१९/
पश्चिम घाटातील फुलपाखरांच्या खाद्यवनस्पतींची मोठी संकलित यादी २०१८ साली प्रसिद्ध झाली. तिच्या पायाच्या दगडांत कारवारच्या नोंदीही आहेत. कारण साधे आहे. फुलपाखराचे छायाचित्र 'हे येथे दिसले' एवढेच सांगते. सुरवंटाची नोंद 'हे येथे जगते, आणि या झाडावाचून जगणार नाही' असे सांगते. संरक्षणाला दुसरे वाक्य लागते.

२०/
तारीख, ठिकाण, वनस्पती. त्या तिघांनी या तीन गोष्टी चिकाटीने लिहून ठेवल्या. दारातल्या कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसणारा एक इवलासा सुरवंट पुढे हिरवा होतो, डिवचला तर डोक्यामागून दुभंगलेले शिंग काढून उग्र वास सोडतो. त्याला झटकून टाकण्याआधी या तीन गोष्टी कोणीही लिहू शकतो. कारवारच्या लेखमालेचा आरंभ याहून मोठ्या साधनांनी झालेला नव्हता.