प्रगतिपुस्तक कोणाच्या हाती?

आपल्या शाळेतून बाहेर पडलेले कितीतरी जण पुढे डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळांत गुरुजी झाले. कोणी जिवतीच्या डोंगरात, कोणी कोरचीला, कोणी भामरागडकडे. ही मंडळी भेटली की बोलणे फिरून एकाच ठिकाणी येते: मुलांच्या नोंदी. मुलाने अमुक दिवसांत काय शिकावे आणि तो कुठवर आला, हे लिहून ठेवण्याचा खटाटोप नवा नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या भागात त्याची मुळे स्वातंत्र्याच्या आधीपासून सापडतात. स्मरणिकेच्या निमित्ताने तो इतिहास थोडक्यात मांडत आहे.

सुरुवात टकळीपासून करावी लागेल. 1936 साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन आपल्या सावलीला भरले, ते तिथल्या खादीकामामुळे. स्वतः गांधीजी त्यासाठी आले होते. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 1937 मध्ये, शेजारच्या वर्ध्याला शिक्षण परिषद झाली आणि डॉ. झाकिर हुसेन समितीने बुनियादी शिक्षणाचा आराखडा तयार केला. त्यात प्रत्येक सहामाहीअखेर मुलाचा कताईचा वेग किती व्हावा, याचे आकडेच दिले होते. चार फुटांचा एक तार, 160 तारांची एक लटी, 640 तारांची गुंडी. काल किती तार निघाले आणि आज किती, हे मोजायला मुलाला गुरुजींची गरज नव्हती. सूत त्याच्याच हातात होते. स्वतःचे लक्ष्य स्वतः मोजायची ही सोय फार मोलाची होती.

पण धोकाही तिथेच होता. शाळेचा बराचसा खर्च मुलांच्या कामातून निघावा, अशी अपेक्षा या योजनेला जोडलेली होती. प्रा. के. टी. शहा यांनी वर्ध्याच्या परिषदेतच त्यावर हरकत घेतली. शिकण्यासाठी मोजलेले सूत विकण्यासाठी मोजले जाऊ लागले, तर मुलाचे लक्ष्य कारखान्यातला कोटा होऊन बसते. ही शंका पुढच्या प्रत्येक योजनेला लागू पडली.

1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. शाळा वाढल्या, पण मुलाची प्रगती कळण्याचे साधन एकच राहिले. ते म्हणजे प्रगतिपुस्तक. विषय, गुण, हजेरी, नंबर आणि खाली पालकाची सही किंवा अंगठा. त्यावरून आपला नंबर कळे. भागाकार कुठे अडतो, ते कळत नसे. शिवाय वार्षिक परीक्षा नेमकी मोहाच्या दिवसांत. पहाटे टोपली घेऊन रानात गेलेले पोर पेपरला उशिरा पोचले, तर प्रगतिपुस्तकात त्याची जागा फक्त शेवटच्या नंबरावर असे.

हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प 1973 मध्ये आणि त्याची निवासी शाळा 1976 मध्ये सुरू झाली, तेव्हा आणखी एक गोष्ट लख्ख दिसली. माडिया बोलणाऱ्या मुलाची पहिलीतली अडचण मराठी पुस्तकाच्या पहिल्या पानाच्याही आधी सुरू होते. त्याचे लक्ष्य आणि चंद्रपूर शहरातल्या मुलाचे लक्ष्य एकाच तारखेला एकाच रेघेवर कसे येणार?

1986 च्या राष्ट्रीय धोरणानंतर दवे समितीने किमान अध्ययन पातळ्या ठरवल्या आणि महाराष्ट्राने 1995 मध्ये क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आणला. ‘किती गुण’ याऐवजी ‘काय येते’ हा प्रश्न पहिल्यांदा अधिकृतपणे विचारला गेला. हे पाऊल मोठे होते. मात्र क्षमतांना क्रमांक पडले आणि तक्ते गुरुजींच्या कपाटात राहिले. शिक्षण हक्क कायद्यानंतर 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प अशी आकारिक मूल्यमापनाची साधने चांगली होती. पण दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळून प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद लिहायची, म्हणजे काय होणार? बाजारात तयार नोंदींची पुस्तके आली. ‘आवडीने वाचन करतो’ हे वाक्य गावोगावच्या नोंदवह्यांत उतरले आणि तो काय वाचतो, ते राहून गेले.

याच अडचणीवर आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शिक्षण केंद्राने वेगळी वाट काढली होती. एकशिक्षकी, बहुवर्ग शाळांसाठी त्यांनी भिंतीवर शिडी लावली. प्रत्येक पायरीला चित्रखूण आणि त्याच खुणेची कार्डे. मूल आपली पायरी स्वतः शोधते, कार्ड घेते, काम पुरे झाले की वर चढते. रोवणीला किंवा मोहाला पंधरा दिवस गेलेले मूल परत आले की सोडलेल्या पायरीवरूनच सुरू करते. ते मागे पडले, असे कोणी म्हणत नाही. चेन्नईच्या महापालिका शाळांनी आणि मग तमिळनाडूने हीच पद्धत उचलली. आपल्या जंगलपट्ट्यातल्या शाळांना याहून सोयीची रचना मला तरी ठाऊक नाही.

आता ‘निपुण भारत’चे दिवस आहेत. 5 जुलै 2021 पासून सुरू झालेल्या या अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचावेत आणि 9999 पर्यंतच्या संख्या वाचाव्यात-लिहाव्यात, असे लक्ष्य आहे. लक्ष्य स्पष्ट आहे, पालकालाही कळेल असे आहे. पण घड्याळ लावून शब्दच मोजले, तर ‘समजून’ हा शब्द गळतो, आणि घरी गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत तो आधी गळतो. नव्या समग्र प्रगती पत्रकात मुलाने स्वतःविषयी लिहायची जागा ठेवली आहे. ती जागा गुरुजींनी घाईत भरली नाही, तर टकळीपासून हरवलेला धागा पुन्हा हाती येईल.

त्यासाठी ॲप लागत नाही. वहीच्या मागच्या पानावर मुलाने दर सोमवारी एक ओळ लिहावी: या आठवड्यात मी काय शिकणार. शनिवारी शेजारच्या मित्राला ते करून दाखवावे आणि खूण करावी. लिहिता येत नसेल तर चित्र काढावे, आपल्या बोलीत सांगावे. गुरुजींनी एवढेच पाहावे की ओळ फार मोठी नाही आणि ती मुलाचीच आहे.

आपण माजी विद्यार्थी गावी गेलो की शाळेत डोकावतो, खाऊ देतो आणि सवयीने विचारतो, “नंबर कितवा रे?” यंदा तो प्रश्न बाजूला ठेवून विचारू या, “सध्या काय शिकतोस? दाखव बरं करून.” जे पोर उठून उत्साहाने दाखवेल, त्याच्या गुरुजींचे कौतुक तिथेच करावे. त्यांच्या कपाटातल्या नोंदवहीत ते कुठे लिहिलेले नसते.